कोठीतली बंदूक माझी नाही

मी, अर्लिस ट्वेट, कै. हॅल्व्हर ट्वेट यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा पूर्वी गुरे पाळणे व हल्ली लोकांचे सल्ले ऐकणे, राहणार रश फोर्क, पूर्व मोंटाना, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचीही बळजबरी नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या मुलाने तो दोनदा मागितला, म्हणून दोन प्रती जोडल्या आहेत.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात जवळजवळ सगळं हॅल्व्हरला दिलं होतं आणि तो माझ्याआधी गेला. त्याला कुठेही वेळेवर जायची सवय नव्हती, नेमका इथेच घाई करून गेला.

कलम १. माझी सर्व शेतजमीन व कुरण माझा एकुलता एक मुलगा कर्टिस, राहणार बिलिंग्ज, यास मिळावे. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. कुरण कोणाला चारायला द्यायचं ते त्याने ठरवावं, मात्र उत्तरेकडचं कुंपण आधी दुरुस्त करावं. तीन वर्षं सांगते आहे.

कलम २. हॅल्व्हरची अवजारे, खोगिरे व ट्रक कर्टिसलाच. ट्रक तेवढा इथून हलवू नये, का ते कलम ५ मध्ये. कुंपणाची लाल मुठीची पक्कड मात्र माझी आहे, हॅल्व्हरची नव्हे. ती माझ्याबरोबर पुरावी. वकीलसाहेब म्हणतात, असं कोणी लिहीत नाही. मी लिहिते आहे.

कलम ३. माझी नणंद व्हर्ना हिला माझी तपकिरी कातड्याची पर्स द्यावी. कारण तिच्या पर्सची चेन लागत नाही आणि त्या पर्समध्ये ती पिस्तूल घेऊन फिरते. चर्चच्या जेवणावळीत ती पर्स कलंडली, पिस्तूल बटाट्याच्या सॅलडशेजारी येऊन पडलं, आणि बाई म्हणतात काय, "घाबरू नका, मी आहे ना!" अगं, तू आहेस म्हणूनच तर घाबरलो. माझ्या पर्सची चेन व्यवस्थित लागते.

व्हर्नावर माझा आणखी एक राग आहे, तोही इथे नोंदवते. हॅल्व्हरने पोटातल्या गाठीची गोष्ट आधी बहिणीला सांगितली, मला नाही. अख्खा उन्हाळा ही माझ्या स्वयंपाकघरात बसायची, बश्या विसळल्यासारखी पातळ कॉफी स्वतःच्या हाताने करून मला पाजायची, जगाच्या गप्पा मारायची, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नंतर म्हणाली, "वहिनी, त्याने शपथ घातली होती, मी काय करू?" शेजारच्या गाईला वासरू झालं एवढंही जिच्या पोटात राहत नाही, तिने हे पोटात ठेवलं. मी तिला त्यासाठी अजून माफ केलेलं नाही.

कलम ४. कोठीत, पिठाच्या डब्यामागे, करड्या घोंगडीत गुंडाळलेली जी बंदूक आहे तिच्याविषयी. हे कलम सर्वांनी बसून, चष्मा लावून वाचावे. ती बंदूक माझी नाही. कधीच नव्हती.

हॅल्व्हर गेला तेव्हा त्याच्या बंदुका मीच कर्टिसला न्यायला लावल्या. तेव्हापासून माझे कान किटले. फोन आला की तोच विषय.

"आई, एक तरी ठेव. एकटी बाईमाणूस तू. शेरीफला फोन केलास तरी यायला त्याला तास लागेल. तेवढ्यात कोणी घरात शिरलं तर?"

"तर कॉफी विचारीन. डांबरी रस्ता सोडून एवढा चिखल तुडवत जो माझ्या घरापर्यंत पोचेल, त्याला कॉफी द्यायलाच हवी."

"आई, थट्टा नको करूस."

"मग तूही नको करूस. अंधारात मला चष्मा सापडत नाही, बंदूक कुठून सापडणार? आणि सापडलीच, तर चष्म्याशिवाय समोर चोर आहे की तू, ते कसं कळणार?"

व्हर्नाकडेही याला उत्तर नव्हतं, पण तिला उत्तर नसलं तरी बोलता येतं. अग्निशमनच्या हॉलमध्ये बायकांना नेमबाजी शिकवतात, तिथे मला नेण्यासाठी तिने जंग जंग पछाडलं. मी बधले नाही. वाद मी जिंकत आले होते, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

मग शेजारच्या ऑरिन स्कारची बायको, बीआ, वारली. शेजारचा म्हणजे पाच मैलांवरचा. त्यानंतरच्या फेब्रुवारीत एका सकाळी तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत आला. दार न वाजवता, बुटांचा बर्फ आपटत, इथे सगळे येतात तसा. पुढचं दार आमच्याकडे फक्त पाद्र्यांसाठी आणि शवपेटीसाठी. हातात घोंगडीचं लांबोडकं गाठोडं होतं. ते त्याने टेबलावर ठेवलं, दालचिनीच्या रोलांच्या ताटाशेजारी.

"अर्लिस, ही ठेव तुझ्याकडे."

"किती दिवस?"

"मला बरं वाटेपर्यंत."

"आणि मधेच मागितलीस तर?"

"तर देऊ नकोस." टोपी हातात फिरवत उभा राहिला. "बाकीच्या बंदुका पुतण्याला देऊन टाकल्या. ही बाबांची आहे, देववेना. बीआ होती तेव्हा भिंतीवर ही टांगली आहे हे वर्षानुवर्षं ध्यानातही आलं नाही. आता घरात शिरलो की नजर तिच्यावरच जाते गं."

मी "बस" म्हटलं. आमच्याकडची पुरुषमंडळी रडून दाखवत नाहीत, बंदूक शेजाऱ्याकडे आणून ठेवतात. घेणाऱ्याने ती घ्यायची आणि खोदून विचारायचं नाही. माझ्या सासऱ्यांनीही एकाची अशीच सांभाळली होती. त्या माणसाने पुढे नातवंडं पाहिली. मी तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, काढून वेगळा ठेवला, त्याच्याशिवाय बंदूक म्हणजे नुसती काठी. मग ऑरिनला दोन रोल खायला लावले. तो रडला नाही. तो गेल्यावर मी रडले.

इथवर ठीक होतं. पण वसंतात व्हर्ना साखर शोधायला माझ्या कोठीत घुसली.

"अगं बाई! वहिनी! शेवटी अक्कल आली म्हणायची!"

काय सांगणार? ऑरिनची आहे म्हटलं असतं तर तिने लगेच "का?" विचारलं असतं. मी गप्प बसले. संध्याकाळच्या आत तालुकाभर झालं की ट्वेटांच्या म्हातारीने बंदूक घेतली. कर्टिसचा फोन आला, "आई, आज मला शांत झोप लागेल." अग्निशमनच्या हॉलमधून निरोप आला की एकट्या बायकांनी कसं राहावं यावर चार शब्द बोला. मी! आयुष्यभर जे नको म्हटलं त्याचं श्रेय माझ्या गळ्यात, आणि तोंड उघडायची सोय नाही.

तेही सोसलं असतं. पण माझं मागचं दार बंद पडलं. कुलूप कधीच नव्हतं, आजही नाही. लोकच आत येईनासे झाले. टपालवाली जोलीन पूर्वी पत्रं टेबलावर ठेवून कॉफीचा घोट घेऊन जायची. ती फाटकातून हॉर्न वाजवायला लागली. "तसं नाही, अर्लिसबाई, उगाच तुम्ही दचकायला नको!" पाद्रीबाबा आधी फोन करायला लागले. बिस्किटं विकणाऱ्या पोरी आईच्या गाडीतून उतरेनात. मी मंडळींना विचारते, मी एकटी राहत होते तेव्हा मला कसली भीती होती? कसलीच नाही. घरात माणसांची ये-जा होती. माझ्या रक्षणासाठी म्हणून सगळ्यांनी ज्या बंदुकीचं कौतुक केलं, तिनेच माझं घर ओस पाडलं. याचा मला फार राग आहे आणि फार वाईटही वाटलं आहे. कोणावर काढू ते कळत नाही, म्हणून इथे काढते.

आत येणारा एकच उरला, ऑरिन. त्याला ठाऊक होतं ना, बंदूक कोणाची आणि बोल्ट जागेवर नाही ते. दर गुरुवारी, रोल करते त्या दिवशी, तो येतो. बसायच्या आधी विचारतो, "आहे ना?" मी म्हणते, "आहे." "देतेस?" "आज नाही." "बरं." मग खातो.

एकदाच भडकला. हरणांच्या शिकारीचे दिवस होते. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझी वस्तू आहे, दे म्हटल्यावर दे!" मी म्हटलं, "तूच सांगितलंयस, देऊ नकोस म्हणून." दार आपटून गेला. पुढच्या गुरुवारी आला नाही. मी ट्रक काढला आणि गेले. दिवसाढवळ्या बीआच्या खुर्चीत बसला होता, अंगात कोट, चूल थंडगार. मी म्हटलं, "चल ऊठ, रोल गार होताहेत." कोटाची बटणं लावली. मग उठला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "नाही दिलीस ते बरं केलंस." त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही.

आता मुद्दा. माझं हृदय थकलं आहे, डॉक्टर आडवळणाने बोलतात पण मला कळतं. माझ्यामागे काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. कर्टिस सज्जन मुलगा आहे, आणि सज्जन माणसांचीच मला जास्त धास्ती वाटते. दफन उरकून तो कोठी आवरेल, घोंगडी उलगडेल, दस्त्यावर कोरलेलं स्कारांचं नाव वाचेल, आणि त्याच संध्याकाळी प्रामाणिकपणे ती ऑरिनच्या दारात नेऊन देईल. "काका, ही तुमची." नेमकी त्याच दिवशी. ज्या दिवशी त्याला गुरुवारी जायला घर उरलेलं नसेल.

हे होता कामा नये. जमीनजुमला मी लिहून ठेवला नसता तरी कोर्टाने वाटला असता. हे मृत्युपत्र मी या एका गोष्टीसाठी करते आहे.

म्हणून पुढीलप्रमाणे व्यवस्था करते. बंदुकीची मालकी ऑरिन स्कार यांची होती, आहे व राहील. ती ज्या कोठीत आहे तिथेच राहावी. बोल्ट कर्टिसकडे बिलिंग्जला राहावा. कर्टिस, तुझ्या जुन्या बुटांचा जो खोका मी ईस्टरला तुझ्या गाडीत कोंबला आणि तू "आई, हा कचरा कशाला?" म्हणालास, तो उघड. फेकला असशील तर आणखी उत्तम.

बंदूक सांभाळायला कोणाला सांगावं यावर मी वर्षभर डोकं खाजवलं. शेरीफला नको, ऑरिन शरमेने मरेल. कर्टिस लांब. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत बसतील. अखेर एकच नाव उरलं, आणि ते लिहिताना माझा हात दुखतो आहे. व्हर्ना.

होय, व्हर्ना. या बाईला कोणालाही एक दिवस स्वस्थ सोडता येत नाही. आजवर मी तो तिचा दुर्गुण म्हणून धरला. पण ऑरिनला असंच न सोडणारं माणूस लागणार आहे. शिवाय खरी वेळ आली तेव्हा तिने पोटातली गोष्ट पोटात ठेवली, माझ्यापासूनसुद्धा. तो राग मी इथेच सोडून देते. व्हर्ना, तू तेव्हा बरोबर वागलीस. हे मी जिवंतपणी म्हणणार नाही, तेव्हा वाट बघू नकोस.

कलम ५. राहते घर व्हर्नाला तिच्या हयातीपर्यंत राहायला मिळावे, त्यानंतर कर्टिसला. ती गावातल्या त्या दोन खोल्यांत भिंतींशी बोलत असते, इथे निदान गाई ऐकतील. अटी अशा. मागच्या दाराला कुलूप लावू नये. बंदूक कोणाची आहे हे विचारील त्याला खरं सांगावं, म्हणजे माणसं पुन्हा आत यायला लागतील. का आहे ते सांगू नये. दर गुरुवारी रोल करावेत, कृती डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. ऑरिन विचारील, "देतेस?" तर "आज नाही" म्हणावं. एखाद्या गुरुवारी आला नाही तर ट्रक काढावा. वाट बघू नये, फोन करू नये, ट्रक काढावा.

ही दोन्ही कलमं, चौथं आणि पाचवं, मी ऑरिनला आज वाचून दाखवली. त्याच्याविषयी त्याच्यामागे काही लिहावं असं मला वाटेना. म्हटलं, नको असेल तर खोडते.

"राहू दे," म्हणाला. "खरं आहे ते आहे." मग एकदम, "पण व्हर्ना? अगं, तिच्या बडबडीपेक्षा ती बंदूक बरी!"

बोलून गेला आणि जीभ चावली. मग आम्ही दोघं हसायला लागलो ते थांबेचना. बीआ गेल्यापासून तो माझ्या टेबलाशी हसलेला मी पाहिला नव्हता.

कलम ६. माझ्या दफनाला पुढचं दार उघडावं लागेल, त्याची बिजागरी गंजली आहे. आधी तेल घालावं.

वकीलसाहेबांचं म्हणणं, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. म्हणून ऑरिनलाच साक्षीदार घेतलं आहे. त्याला मी काहीही दिलेलं नाही. बंदूक त्याची त्यालाच आहे, आणि गुरुवार मला माझे म्हणून देता येत नाहीत. साक्षीला आणखी एक जण हवं होतं, आणि जोलीन फाटकात हॉर्न वाजवत होती. तिला ओरडून आत बोलावलं. ती मागच्या दाराने आली.

हे सर्व मी वाचून, समजून, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सही केली आहे.

ठिकाण: रश फोर्क, मोंटाना
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९

(सही) अर्लिस ट्वेट

वरील बाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: (सही) जोलीन ब्रेक, टपाल वाटप, रश फोर्क

साक्षीदार २: (सही) ऑरिन स्कार, शेतकरी, रश फोर्क. वकीलसाहेब नको म्हणत असताना स्वहस्ते पुढील ओळ लिहिली: व्हर्नाला सांगावे, कॉफी पातळ करू नये. मी येणार आहे.