सुकेळीच्या मांडवावर विलायती चर्च

४ फेब्रु. १९५२
पेद्रू मेस्त्री स्वतःच्या घराची कौलं उतरवतोय. तोवर त्याच्या वडिलांचं चित्र माझ्याकडे ठेवून गेला. नदीकाठचं विलायती चर्च, तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने कोरून छापलेलं, गेल्या शतकातलं. वडील खलाशी होते, बोटीवरच्या साहेबाने दिलेलं. किती वर्षं बघायला मागतोय मी! ड्रॉइंग मास्तरला आणखी काय हवं? चहा गार झाला. सौ. म्हणाली, "त्या चित्राशीच लग्न लावायचं होतं."

५ फेब्रु.
भिंगातून पाहिलं. मनोऱ्यांच्या रेघा केसाहून बारीक. पाणी म्हणजे कोऱ्या कागदावर चार रेघा, तरी वाहतंय. सुखात आहे.

७ फेब्रु.
काचेआड बुरशी. उद्या चौकटीतून काढून, सोललेली केळी वाळत घालतो त्या सुकेळीच्या मांडवावर ऊन देतो. कावळे हाकायला सौ. तिथे असतेच.

८ फेब्रु.
घात झाला. संध्याकाळी सुकेळी उचलून केळीच्या पानांत बांधायची, ही घरची रीत. मला शाळेत उशीर झाला. सौ.ने चित्रही त्यातच बांधलं. "दव पडलं असतं त्याच्यावर!" केळ्यांचा मधासारखा रस चित्रातल्या नदीत उतरला. बोटभर तपकिरी डाग. तिच्यावर ओरडलो. चूक माझीच. पेद्रूला काय तोंड दाखवू?

१७ फेब्रु.
सांगायला धीर होईना. शेवटी टाक घेतला आणि डागावर होडी काढली, शिडासकट. डाग पार गडप. लाज वाटायला हवी. वाटला अभिमान.

२ मार्च, रविवार
चित्र पोचवलं. दारातच सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. पेद्रूच्या म्हाताऱ्या आईने चित्र उजेडात धरलं नि ओरडलीच, "पेद्रू, तुझा बापूस काय बोलायचा? एवढी मोठी नदी न एक होडी नाय, पलीकडची मानसं चर्चात मिस्साला येतील कशी? बघ, आली होडी! मलाच इतकी वर्सं दिसली नाय." पदराने डोळे पुसत हसत होती.

पेद्रूने होडीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, जेवून जा."

जेवलो. पोटभर. सांगितलं नाही.

निघताना पेद्रू सोबत आला. वाटेत म्हणाला, "मास्तर, शीड आपल्या खाडीतल्या होडीसारखं हाय."

मी नुसतं हं म्हटलं. तो माझ्या फाटकापर्यंत आला नि मग परतला.