वज्रभानची डाय

२ फेब्रुवारी
आज राजदीप गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी दहाला आले, जेवणं दोनपर्यंत चालली. त्याच्या नरडाण्याच्या कारखान्यातले सगळे होते. त्याचे भागीदार भूषणभाऊ स्वतः वाढत होते. एक अनोळखी मुलगी मागे बसून रडत होती. कोण आहे, मी विचारलं नाही.

५ फेब्रुवारी
तीच मुलगी आज पिंप्राळ्याला घरी आली. डिंपल. धुळ्याची, चित्रकथा काढते. तिच्या नायिकेच्या, मथुरीच्या, फिगर म्हणजे शोभेच्या छोट्या मूर्ती बनवायचे हक्क राजदीपने सहा वर्षांपूर्वी घेतले. एकही बनवली नाही. करार आहे म्हणून तिला ते दुसरीकडे देता येत नाहीत. "ताई, सर दरवेळी म्हणायचे, वज्रभान संपला की तुझंच." हक्क सोडायला माझी सही हवी.
मग त्या दिवशी रडत होती ते कोणासाठी? बघते म्हटलं.

९ फेब्रुवारी
वज्रभान म्हणजे टीव्ही मालिकेतला वीर. परवाना दोनच हजार फिगरचा — दुर्मीळ म्हणूनच शौकीन लोक भारी किमतीला घेतात. शेवटची निघाली की साचा, म्हणजे डाय, फोडायची आणि पेढे वाटायचे, ही कारखान्याची रीत. दसऱ्याला ते पेढे मी खाल्लेत.
आज परवाना देणाऱ्या कंपनीच्या साहेबांचा फोन. सुरतेत वज्रभान पोत्याने विकला जातोय म्हणे!
भूषणभाऊंना विचारलं. "वहिनी, आता ते राहू द्या."
का राहू द्या?

१० फेब्रुवारी
हे भूषणचंच काम. 'भाऊ' लिहायला मन होत नाही.

१३ फेब्रुवारी
शेजारच्या प्रमिलाबाईंजवळ थोडं बोलले. त्या म्हणाल्या, "मेलेल्याच्या नावावर सगळं खपतं, बाई. आमच्या दिराने तर म्हैस खपवली." हसू आलं. महिनाभरात पहिल्यांदा.
उद्या भूषणनेही राजदीपचंच नाव पुढे केलं तर? राजदीप उत्तर द्यायला येणार आहे का?

१७ फेब्रुवारी
न कळवता नरडाण्याला गेले. गोदामात छतापर्यंत वज्रभानची खोकी. मशीनवर डाय — अखंड.
मशीनवर आधार नावाचा जुना कामगार होता. डाय भूषणने ठेवायला सांगितली ना, म्हणून विचारलं. तो हात पुसत राहिला.
"नही अक्का. राजदीपभाऊनीच सांगं व्हतं, डाय फोडानी नही."
मी त्याला खोटारडा म्हणाले. सगळ्यांसमोर.
भूषणभाऊ ऑफिसातून बाहेर आले. म्हणाले, "पेढे मीही खाल्ले होते, वहिनी. मला कळलं तेव्हा राजदीप आयसीयूत होता. कुणाला विचारणार?"
परत येताना एसटीत बाहेर बघत बसले. काही दिसलं नाही.

१९ फेब्रुवारी
डिंपलला सही दिली. ती पाया पडायला वाकली, मी मागे सरले. सर चांगले होते, असं म्हणत होती. हो म्हटलं.
भूषणभाऊंचा फोन — डाय फोडली. खोकी भंगारात जातील.

२२ फेब्रुवारी
कंपनीचे साहेब भूषणभाऊंना घेऊन घरी आले. डाय दसऱ्यालाच फोडली होती का, असं विचारलं. भूषणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.
"हो," मी म्हणाले. "माझ्यासमोर फोडली. सुरतेत कोणी नक्कल करत असेल."
साहेब म्हणाले, मॅडम, तुमचा शब्द पुरेसा आहे.
दोघे गेल्यावर कप विसळले. एकटीपुरता भात लावला.