बाबांच्या शेजारची जागा

हडपसर, ८ सप्टेंबर २०२४

ती. सलिलदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं ओरडतो, म्हणून आईच्या हुकमावरून पत्र. चर्च विज्ञानाच्या आड येतं, या माझ्या लेखावर तू चर्चमध्ये प्रवचन झोडलंस म्हणे. गॅलिलिओला गुडघ्यांवर आणणारे तुम्ही, आता विज्ञानाचे कैवारी! मग आईला देहदान करू दे. मी शरीररचनाशास्त्र शिकवायचं आणि माझ्या आईने पुनरुत्थानाच्या धाकाने स्वतःला पुरून घ्यायचं, ही शोभा नको. तू फादर आहेस, तुझं ती ऐकेल.

प्रकृती सांभाळ, डोकंही अधूनमधून वापर.

तुझी
नीरजा

खडकी, १५ सप्टेंबर

चि. नीरजास,
अ. उ. आ.

मॅडम, मठाच्या बागेत मटार पेरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा आमचाच होता. शवविच्छेदनावर चर्चने सरसकट बंदी कधी घातलीच नव्हती, आणि आज देहदानावरही नाही. अडचण पोपची नाही, आईची आहे. तिला बाबांच्या शेजारी कबर हवी आहे. दोन नोव्हेंबरला सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, तेव्हा माझ्यापाशी कोण येईल, असं विचारते.

एकदा येऊन तिच्याशी बोल. नाहीतर देहदानाच्या अर्जावर तिची सही मी घेतोच. फादरच्या आईनेच देह दिला, की तुझा पुढचा लेख बोंबलला!

आईने तुला गोड पापा सांगितलाय. माझ्याकडून काही नाही.

सलिल

हडपसर, २० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

परीक्षा आहेत, येणं जमणार नाही. मेणबत्तीने हाडांना काही फरक पडत नाही, एवढं तिला समजाव आणि सही घे.

नीरजा

खडकी, ३ नोव्हेंबर

नीरजा,

आई बुधवारी गेली, हे तुला कळलंच असेल. सही तिने माझ्याकडे न बघता केली होती. देवाची हीच इच्छा आहे, असं मी तिला दडपून सांगितलं. शेवटच्या सकाळी माझा हात धरून ती नको, नको म्हणाली. तरीही मी तुझ्याच कॉलेजची गाडी बोलावली.

आता चर्च विज्ञानाच्या आड येतं, असं लिहून दाखव.

सलिल

हडपसर, ७ नोव्हेंबर

दादा,

गाडी आली तेव्हा मी कॉलेजातच होते. मृताच्या एका जरी मुलाने-मुलीने नको म्हटलं, तरी आम्ही देह घेत नाही. हा नियम माझ्याच विभागाचा आहे. पण मी नको म्हटलं असतं, तर तू ते रविवारी भर चर्चमध्ये सांगितलं असतंस. म्हणून आईला ताब्यात घेतल्याची पावती मी लिहून दिली.

देह टिकवायची औषधं भरून झाली आहेत, आता तिला परत देता येत नाही. मला माझी आई हवी आहे रे. पुढच्या वर्षी नवी मुलं तिच्याभोवती उभी राहतील आणि कुठून कापायचं ते मला दाखवावं लागेल. मृताचं नाव मुलांना सांगायचं नसतं.

नीरजा