माझी तेरवी एकदा झालेली आहे

मी, रामबाई, रेवाराम पटले यांची विधवा, वय अंदाजे अठ्ठावन्न, राहणार मौजा सौंदड, तहसील साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र केशोराव मास्तरांकडून लिहवून घेते. माझे दात गेले, अक्कल शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही; दोघांनी अडवून मात्र पाहिले. मला अपत्य नाही.

१. माझे राहते घर आणि तळ्याखालच्या धानाच्या तीन बांध्या माझी धाकटी जाऊ जमुनाबाई हिच्या मालकीच्या व्हाव्यात. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझे दीर नत्थूलाल यांच्या नाही. कारण असे.

लढाईच्या काळात यजमान विशाखापट्टणच्या वाल्टेर स्टेशनात कामाला होते. दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा, असे चौघे तिथल्या क्वार्टरात राहत होतो. समुद्र इतका जवळ की मिठाला पाणी सुटायचे आणि पापड वाळायचे नाहीत. बॉम्ब पडतील म्हणून अंगणात खंदक खोदण्याचा हुकूम आला. तो मी आणि जमुनाबाईने खोदला. किती खोल हवा, ते नत्थूलाल यांनी खाटेवरून सांगितले.

सन १९४२ च्या चैत्रात भर दुपारी विमाने आली. यजमान ड्युटीवर होते. आम्ही तिघे खंदकात उतरलो, उतरताना माझा पाय मुरगळला. बंदराकडे दुसरा धमाका झाला तसे नत्थूलाल वर चढले.

"जमुना, चाल. गाडी सुटून राहिली."

ती म्हणाली, "बाईचा पाय मुरगळला. तिले सोडून कशी येऊ?"

ते गेले. ती माझे डोके मांडीवर घेऊन बसली आणि मला भीती वाटू नये म्हणून नवऱ्याचे एकेक दोष सांगत राहिली. ते संपले नाहीत. विमाने आधी गेली.

२. माझी तेरवी करू नये. ती झालेली आहे. नत्थूलाल यांनी सौंदडला येऊन आम्ही सगळे मेलो असे सांगितले, आणि माझ्याच कोठीतले धान काढून गावजेवण घातले. त्यानंतर आठ दिवसांनी यजमान, जमुनाबाई आणि मी दारात उभे राहिलो, तेव्हा ते डोके भादरून ओसरीवर बसले होते. "वयनी, आधी पत्र तरी टाकाचं," एवढेच म्हणाले. जमुनाबाई दोन वर्षे त्यांच्याशी बोलली नाही.

३. त्या तेरवीत माझा भात शिजवायचा पितळी गंज शेजारच्या अनुसयाबाईकडे गेला. पंधरा वर्षे मी मागितला नाही, तिने दिला नाही. आता तिनेच ठेवावा. त्याला पोचा आला आहे, तो मला ठाऊक आहे एवढे तिला कळावे.

४. मास्तरांनी इथवर वाचून दाखवले तेव्हा नत्थूलाल हजर होते. त्यांनी विचारले, "वयनी, मले काहीच नाही का?"

मी जमुनाबाईकडे पाहिले. घर तिचे होणार, तर तिनेच सांगावे. ती तांदूळ निवडत होती. एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "ओसरी लिहा त्यायले. पन खाट आतल्या भिंतीले लावा. दरवाज्यापाशी त्यायचा भरोसा नाही."

तसे लिहिले आहे.

सही स्वतःच्या हाताची: रामबाई रेवाराम पटले
साक्षीदार: ईश्वरदास बिसेन, गोवर्धन कटरे
समक्ष ऐकले, हरकत नाही: नत्थूलाल पटले
मौजा सौंदड, तारीख १४ फेब्रुवारी १९५७