अठ्ठ्याहत्तर किलोचा फोटोग्राफर

२ फेब्रुवारी
छोट्या विमानातून बेटांवरची तीन लाइटहाउसं दाखवतात. त्याचा फॉर्म भरला. पायलट सोडून दोघंच: मी आणि सासरे. तिसऱ्या बेटावर सासऱ्यांनी अकरा वर्षं दिवा सांभाळला, पण तो वरून कसा दिसतो ते कधी पाहिलं नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणालेत, जे पाहायचंय ते लवकर पाहून घ्या. मी एकुलता एक जावई, शिवाय फोटोग्राफर. वजनाच्या रकान्यात ७८ लिहिलं. आज ९२ आहे, पण हातात महिना आहे. उद्यापासून चालणं.

३ फेब्रुवारी, पहाटे ५.३०
उठलो. बूट सापडले नाहीत. झोपलो.

१५ फेब्रुवारी
चालणं सुरू. बेकरीपर्यंत. बायको म्हणाली, फॉर्ममधलं वजन दुरुस्त करा. सांगितलं, असले आकडे कुणी बघत नाही.

१ मार्च
९४. काटा बिघडलाय. बायकोचं मात्र बरोबर दाखवतो.

५ मार्च, सकाळी
पायलटने विमानाशेजारीच काटा मांडला होता. दोघांची सामानासकट मर्यादा १५०. सासरे ६०, मी ९४, कॅमेऱ्याची बॅग ८. लेन्सा काढल्या, बूट काढले, पट्टा काढला. तरी जास्तच. पायलट म्हणाला, आजोबांना एकट्यांना फिरवून आणतो. फोटो काढणं हा पोरखेळ नाही, हे मी त्याला समजावत होतो, तोवर सासरे इस्त्रीचा शर्ट सांभाळत बाकावर जाऊन बसले. म्हणाले, जावईबापू, तुम्हीच जा. मी फोटो भिंगाने निवांत बघेन.
पटण्यासारखं होतं.

५ मार्च, संध्याकाळी
पहिल्या लाइटहाउसला मळमळ. दुसऱ्याला उलटी. तिसऱ्याभोवती पायलटने मुद्दाम दोन चकरा मारल्या. माझं डोकं पिशवीत होतं, पण बोट बटणावर होतं. दोनशे बारा फोटो. पंख झकास आलाय.

६ मार्च
सासऱ्यांनी एकेक फोटो पाहिला. एकशेत्रेसष्टाव्यात समुद्रात पांढरा ठिपका. म्हणाले, हेच. मग बराच वेळ डोळे पुसत होते.
तो काचेवरचा डाग आहे. पंखाच्या फोटोंतही आहे. सांगणार होतो. जेवणानंतर सांगू म्हटलं.

९ मार्च
सांगायच्या आत त्यांनी फोटो फ्रेम करून आणला. पलंगासमोर लावलाय. बायकोने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

२० एप्रिल
नवा फॉर्म आणला. एकट्या सासऱ्यांचा. वजन ६०, खरंखुरं. बायको म्हणाली, आता राहू द्या. काल डॉक्टरकडे त्यांना भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसलं नाही.

१० जुलै
रोज संध्याकाळी सासरे मला फ्रेमसमोर खुर्ची देतात. म्हणतात, जावईबापू, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. सांगा, कसं दिसतं.
मी सांगतो. आज दिव्याभोवतीच्या रेलिंगपर्यंत आलो.