कार्ड करपलं, वन्सं वाचल्या

मुक्काम मारुंजी

तीर्थस्वरूप गंगूवन्सं यांना भावजय हौसाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे उत्कर्षानं कागदावर घातलाय तेवढाच. माझे गुडघे तुमाला ठाऊक हायेत, म्हणून खाटंवर बसल्या बसल्या मान लववली ती गोड मानून घ्या. पुढं तब्येत विचारायचा रिवाज हाय, पण ह्या खेपेला मी ती विचारणार न्हाई. तुमच्या तब्येतीनं आमचा जीव अर्धा केला, ते आधी ऐका. (ऐका म्हणजे वाचा. तुमाला ऐकू येत असतं तर फोनवरच सगळं निस्तरलं असतं.)

पत्र नातसून उत्कर्षा लिहितीया. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "आजी, 'आहे' लिहू की 'हाय'?" मी म्हटलं, मी बोलते तसं लिही, न्हाईतर वन्संना वाटंल तलाठ्याची नोटीस आली.

तर आमची पेटी मेली व्हती. आता जिती हाय, पण मेली व्हती. पेटी म्हणजे तीच, वरच्या खोलीतला भाडेकरू कौस्तुभ, परभणीकडचा, त्यानं मला करून दिली ती. साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर आणि त्याला एक भोंगा. तुमी तिकडं भरे गावात बसून नातवाच्या मोबाईलवर एका बोटानं टिपायचं आणि हितं पेटीनं मला वाचून दाखवायचं. तुमाला ऐकू येत न्हाई, मला वाचता येत न्हाई; देवानं जोडी बघून घातली. मी नवी नवरी म्हणून आले तवा तुमी चौथी पास. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहायच्या आणि म्हणायच्या, "वैनी, हे तुमचं नाव, पाठ करा." मी पाठ केलं. पुढं कळलं की ते म्हशीचं नाव व्हतं. तवापासून मी अक्षराच्या वाटेला गेले न्हाई.

पेटी यायच्या आधी तुमची पत्रं घरातली वाचायची. नातू शैलेश वाचायला बसला की त्याच्या बायकोविषयीचं गाळायचा, बायको बसली की नवऱ्याविषयीचं गाळायची. (तोंड वाकडं करू नको, लिही.) दोघांच्या हातून गेलं की तुमच्या दोन पानी पत्रात 'पाऊस बरा हाय' एवढंच उरायचं. पेटीला नातं न्हाई म्हणून लाज न्हाई. लिहिलंय ते सगळं वाचणार, तुमच्या शिव्यांसकट. बाहेर रस्त्यावरचे टेम्पोवाले थांबून ऐकतात.

तर त्या दिवशी तुमचं पत्र आलं. पेटीनं सुरू केलं, "हौसा, परवा डॉक्टरकडं गेले व्हते. त्यानं नीट तपासलं आणि म्हणाला, आजी, आता तुमच्याकडं फार तर दोन..." आणि टुक्. पेटी गप. दिवा लुकलुकला आणि विझला.

फार तर दोन काय, वन्सं? महिने? वर्षं? माणसानं असलं वाक्य लिहायचंच कशाला, आणि लिहिलं तर 'दोन' हा शब्द आधी घालायचा का? मी पेटीला थोपटलं, भोंगा फुंकला, वायर काढून परत घातली. उत्कर्षानं उषाला फोन लावला. मी विचारलं, "उषा, डॉक्टरनं दोन काय सांगितले?" तुमची सून म्हणाली, "काय न्हाई मामी, सगळं ठीक हाय, तुमी काळजी करू नका." झालं. सून सासूबद्दल 'सगळं ठीक हाय' म्हणती तवा काय समजायचं, हे मी काय आज शिकले? मग उत्कर्षानं तुमाला मेसेज टाकला, की आजी विचारतात दोन काय. तर तुमी उत्तर कुणाला धाडलं? पेटीला! मेलेल्या पेटीला! शैलेशला म्हटलं, गाडी काढ, भऱ्याला जाऊन ये. तर त्याचं ऑफिसात रिलीज. हे रिलीज म्हणजे काय ते विचारू नका, वन्सं. सुटका म्हणतात आणि पोराला सोडत न्हाईत.

कौस्तुभ चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेलेला. त्याला फोन लावला. तितं मागं बेंजो वाजतोय, आणि हा ओरडून सांगतोय, "आजी, कार्ड करप्ट झालं असंल!" मला ऐकू आलं, कार्ड करपट झालं. तरी म्हटलं, वास कसला येतोय. (वास खरंच येत व्हता. उत्कर्षाची भाजी व्हती ती, पण ते मागनं कळलं.) आता भात करपला तर काय करायचं, हे मला कुणी शिकवायला नको. पेटी चुलीपासून लांब नेली, ओल्या फडक्यावर ठेवली आणि वर अर्धा कांदा चिरून पालथा घातला. कांदा करपट वास ओढून घेतो. रोज सकाळी शिळा कांदा काढून ताजा ठेवत व्हते.

कौस्तुभ आला, बॅग दारातच टाकली आणि पेटीकडं बघत उभा राहिला. "आजी, हा कांदा..." मी म्हटलं, "कांद्याचं मागनं. आधी दोन काय ते बघ." त्यानं पेटीतनं कार्ड काढलं. वन्सं, एवढ्या मोठ्या बोलघेवड्या पेटीचा जीव करंगळीच्या नखाएवढ्या काळ्या टिकलीत! ती टिकली असली तरच पेटी सकाळी जागी व्हती. न्हाईतर नुसतं साबणाचं भांडं.

मी विचारलं, मेली कशानं? तर म्हणाला, लिहून लिहून. त्या कार्डावर एकाच जागी लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं. गोधडी एकाच जागी उसवून टाचली, परत उसवून टाचली, तर शेवटी टाका धरायला कापड राहील का? तसं त्याचं. वाचल्यानं लई काय झिजत न्हाई, लिहिल्यानं झिजतं. मी म्हटलं, गंगूवन्संची पत्रं लांबलचक हायेत हे मी आधीच सांगत व्हते. तर म्हणतो, पत्रांनी न्हाई आजी, ही पेटी स्वतःच घडीघडीला कार्डावर रोजनिशी लिहीत व्हती. काय लिहीत व्हती? तर 'मी जागी हाय. काही झालं न्हाई. मी जागी हाय. काही झालं न्हाई.' घ्या! काही झालं न्हाई हे लिहून लिहून बिचारी मेली. गावात माणसं बी अशीच जातात म्हणा.

मग मी त्याला म्हटलं, आता कळलं मी एवढी कशी टिकले? जन्मात एक अक्षर लिहिलं न्हाई. वन्सं, तुमी लिहीत आलात, म्हणून तुमचे दात गेले. दाताचं आलंच आता, सांगते.

त्यानं जुन्या कार्डावरनं जेवढं निघंल तेवढं हळूच दुसरीकडं उतरवून घेतलं, खालचं खराब तसंच राहू दिलं. करपलेल्या दुधाला आपण तेच करतो, तळ खरवडत न्हाई. नवं कार्ड घातलं आणि त्याला ताकीद दिली, तू फक्त वाचायचं, लिहायचं न्हाई. रोजनिशी आता पाटीवर लिहिल्यागत, लाईट गेली की पुसली. पत्रांना निराळी डबी. "आता हे कार्ड वाचणारंच हाय, म्हणून वाचंल," म्हणाला. मी विचारलं, किती दिवस? तर म्हणतो, सांगता येत न्हाई आजी, वर्षभर जाईल न्हाईतर दहा वर्षं. म्हणजे तो बी डॉक्टरच.

पेटी जागी झाली, खाकरली, आणि पहिल्यापासनं लागली वाचायला. "...आता तुमच्याकडं फार तर दोन दातच कामाचे उरलेत, बाकीचे काढून कवळी बसवू."

दात! वन्सं, दात! मी पदर तोंडाला लावून हसले. लगेच दुसरं पत्र सुरू झालं, "काय गं हौसा, दोन काय म्हणून काय विचारतीस? वर लिहिलंय की. वाचता येत न्हाई का?"

न्हाई येत, वन्सं.

तर असं झालं. मी काय घाबरले बिबरले न्हवते, आपली नुसती चुटपुट. पुढच्या वेळी वाक्य लहान लिहा, आणि एकूणच कमी लिहा. कार्डाला त्रास नको. कवळीसाठी हितंच या. आमच्याकडं सोसायट्या झाल्यापासनं दर दुकानाआड एक दाताचा डॉक्टर हाय. उषाला आणि लेकरांना आशीर्वाद.

तुमची भावजय हौसा, डावा अंगठा

ता.क. आत्याआजी, हे मी उत्कर्षा माझ्या मनानं लिहिते आहे. आजी अजिबात घाबरल्या नव्हत्या, हे त्यांचं म्हणणं मी लिहिलं. पण कौस्तुभ येईपर्यंत त्यांनी धड जेवण केलं नाही. उशाशी पेटी, पेटीवर कांदा, आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याचं म्हणायच्या. नवं कार्ड घातल्यावर त्यांनी कौस्तुभला हळूच विचारलं, "माणसाला असलं काही बसवता येतं का रे? भऱ्याला एक हवं होतं." जुनं कार्ड त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलंय.

ता.क. दुसरा. वन्सं, उत्कर्षानं वर काहीतरी लिहिलंय आणि मला वाचून दाखवत न्हाई, नुसती हसतीया. (हे बी लिही, मुकाट.) कमी लिहा म्हटलं ते विसरा. कार्ड झिजलं तर हिंजवडीत दुसरं मिळतं, नणंद कुटं मिळती. आणि एक काम करा. तिनं वर जे लिहिलंय ते जसंच्या तसं टिपून मला परत धाडा. पेटी एक अक्षर गाळत न्हाई.