दोनशे वेळा तिसरा मजला

३ फेब्रुवारी

तोंडाला कुलूप लावायची सोय असती तर मी सुखी असते.

आज जेवताना आई वृद्धाश्रमाचं सांगत होती. ती तिथे नर्स आहे. तिथली लिफ्ट बंद पडून आठ महिने झाले. तिसऱ्या मजल्यावरचे अकरा जण तेव्हापासून खाली आलेच नाहीत. जिना अरुंद, वळणावळणाचा. एकदा एका आजोबांना खुर्चीत बसवून उतरवताना उचलणारे घसरले, तिघंही पडले. तेव्हापासून मॅनेजरबाईंनी उचलाउचली बंद केली. आणि लिफ्टला नवी मोटर घ्यायची तर संस्थेच्या तिजोरीत ठणठणाट.

तोंडात घास असताना मी म्हणाले, "मी जमवते पैसे."

का म्हणाले? देव जाणे. धाकटी बहीण – आम्ही तिला घंटी म्हणतो, कारण ती वाजतच असते – तिने विचारलं, कसे? मी म्हटलं, अवघड अवघड पराक्रम करून. लोक पैसे देतात त्याचे. बाबांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आईला समजावून सांगितलं की ही दुधाची पिशवी आणायला गेली तरी वाटेत दोनदा बसते.

आता मागे हटले तर नाक कापलं जाईल. चांगलं नाक आहे माझं.

५ फेब्रुवारी

लिफ्टवाल्या काकांना भेटले. एक जुनी इमारत पाडायला काढलीय, तिच्या लिफ्टची मोटर धडधाकट आहे म्हणे. नवीपेक्षा कितीतरी स्वस्त. महिनाअखेरपर्यंत ते ती राखून ठेवतील. त्यानंतर ती भंगारात जाणार.

म्हणजे तेवीस दिवस. आणि फेब्रुवारीच नेमका आखूड!

७ फेब्रुवारी

पहिला पराक्रम – एका पायावर तीन तास. जागा – बाबांचं केस कापायचं दुकान, कारण तिथे गिऱ्हाईक बसून असतं, पळून जाऊ शकत नाही.

एकोणीस मिनिटं झाली. मग कापलेल्या केसांचा पुंजका पंख्याने उडाला, माझ्या नाकात गेला, आणि मी शिंकले. पडले ती थेट दाढीला बसलेल्या एका काकांच्या मांडीवर. बाबांनी वस्तरा वेळेवर वर उचलला म्हणून काकांचा कान शाबूत आहे. काकांनी पैसे दिले. एका पायावर उभं राहण्याचे नाही, उठण्याचे.

८ फेब्रुवारी

मांडी दुखतेय. दुसरीसुद्धा. दुसरी का? ती तर हवेत होती.

१२ फेब्रुवारी

तीन दिवस मौन पाळलं. हा पराक्रम सगळ्यात गाजला. शेजारच्या काकू, वर्गातल्या मुली, गणिताच्या बाई – सगळ्यांनी हात सैल सोडून पैसे दिले. आईने तर विचारलं, आठवडाभर वाढवतेस का, मी दुप्पट देते. मला जरा लागलंच ते.

दुसऱ्या दिवशी घंटीने काचेचा जग फोडला आणि शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. मी हातवारे केले, पाय आपटले, घंटीचे ओले हात धरून दाखवले. बाबा म्हणाले, बघा, एवढं करून वर नाचते. तुकडे मीच गोळा केले. आज बारा वाजता मौन सुटलं. पहिलं वाक्य मी घंटीला उद्देशून बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

१७ फेब्रुवारी

घर ते शाळा, उलटं चालत. घंटी माझे डोळे होती. ती माझ्याकडे तोंड करून चालायची आणि 'डावीकडे' म्हणायची, पण तिच्या डावीकडे. हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर विजेचे दोन खांब, एक केळ्यांची गाडी आणि मुख्याध्यापिका होऊन गेल्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या की त्या पैसे देतील, पण मी थांबले तर.

घेतले.

१९ फेब्रुवारी

निम्मेही जमले नाहीत. तोंड पाडून बसले होते, तर आईने मला वृद्धाश्रमात नेलं. म्हणाली, कुणासाठी करतेस ते बघ तरी.

तिसऱ्या मजल्यावर एक सर आहेत. पूर्वी शाळेत खेळ शिकवायचे. खुब्याचं हाड मोडलेलं, काठीने खोलीभर चालतात, पण जिना त्यांना डॉक्टरांनी वर्ज्य केलाय. मी माझे पराक्रम सांगितले. बाकीचे आजी-आजोबा पोट धरून हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, हे चाळे झाले. लोक गंमत बघतात आणि चिल्लर टाकतात. लिफ्टसाठी मागतेस ना? मग हाच जिना चढ. एका दिवसात दोनशे वेळा. मोजायला मी बसतो.

मी हो म्हणाले. सांगितलं ना, कुलूप हवं.

२१ फेब्रुवारी

सराव. एका खेपेला चोपन्न पायऱ्या. चौदा खेपांनंतर मी तिसऱ्या मजल्यावर फरशीला गाल लावून पडले. फरशी फार छान, गार आहे. सरांनी काठीने माझी चप्पल ढकलली आणि उद्या बूट घालून यायला सांगितलं. कठडा धरला तर खेप मोजत नाहीत! असा कंजूष माणूस मी पाहिला नाही.

२४ फेब्रुवारी

साठ. जिन्याची स्वप्नं पडतात. बाबांनी दुकानात पाटी लावलीय – 'मुलगी जिना चढणार. खेपेमागे काय द्याल ते लिहा.' कात्रीवाल्या हाताने लिहिलेली, अक्षरं सगळी तिरपी. पण पाटीखाली ठेवलेली वही भरत आली. बाबा मला काही बोलले नाहीत. मीही पाहिलं नाही असं दाखवलं.

२६ फेब्रुवारी

आज.

सकाळी सहाला सुरुवात. सर वरच्या पायरीशी खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर पाटी, हातात खडू. पहिल्या पन्नास खेपा हसतखेळत. घंटी बरोबर चढली – तीन खेपा, मग तिने खाली बसून मला ओरडून धीर द्यायचं ठरवलं. ऐंशीला डाव्या टाचेला फोड. शंभराला आईने पट्टी बांधली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की थांबलीस तरी चालेल.

एकशे एकतिसाव्या खेपेला मी वर पोचले आणि बसले. पाय दुसऱ्याच कुणाचे तरी झाले होते. मी सरांना सांगितलं, संपलं माझं. जमले तेवढ्या पैशांत बघा काय होतं. मला रडू येत होतं आणि नाकही गळत होतं, म्हणजे अगदीच शोभा.

सरांनी पाटीवर एकशे एकतिसावी रेघ ओढली. मग हळूच म्हणाले, "तू आज एकशे एकतीस वेळा खाली जाऊन आलीस. मला एकदा जायचंय."

एवढंच. पाटी पुसलीही नाही, खाली ठेवलीही नाही.

मी नाक पुसलं आणि उठले.

शेवटच्या वीस खेपा आठवत नाहीत. बाबा दुकान बंद करून आले होते आणि माझ्या मागे एक पायरी सोडून चढत होते, हात पसरून, मी पडले तर धरायला. दहा खेपांनंतर त्यांनाच दम लागला आणि आईला त्यांना पाणी द्यावं लागलं. संध्याकाळी साडेपाचला सरांनी दोनशेवी रेघ ओढली. एका खेपेला माझा हात कठड्याला लागला होता. त्यांनी पाहिलं होतं. मोजली.

२७ फेब्रुवारी

घरात बसून सरकतेय. घंटीला पाय दाबायला लावलंय, त्या फोडलेल्या काचेच्या जगाची भरपाई म्हणून.

पैसे पुरले! लिफ्टवाले काका मोटर आणायला गेले.

९ मार्च

लिफ्ट सुरू झाली. मॅनेजरबाईंनी फीत, कात्री, भाषण सगळं तयार ठेवलेलं. सर पहिले खाली आले. कडक इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून भांग पाडलेला. आमच्यातल्या कुणाकडेही न बघता काठी टेकत जिन्याशेजारच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

तिथे त्यांची बायको असते. अंथरुणाला खिळलेल्यांना खालीच ठेवतात. त्या आजींची वाचा गेलीय, त्यामुळे फोनचाही उपयोग नव्हता. आई म्हणाली, सरांनीच बजावलं होतं – पोरीला सांगू नका, ती रडत चढेल.

त्या दारासमोरून मी दोनशे वेळा वळले.